छेद

सभेपुढचा विषय क्रमांक सात :
नळपट्टीचा दर ठरवणे.

अंश मला तोंडपाठ आहे.
बालाघाट चढून येणाऱ्या पाण्याचं वीजबिल,
तुरटी, ब्लीचिंग, तीन मोटारींचं रिवाइंडिंग,
सय्यद दस्तगीर धरून नऊ रोजंदारीवाले
आणि नव्या टाकीच्या कर्जाचा हप्ता,
तो पाऊस पडो न पडो, एक तारखेला येतोच.
हे सगळं पैशापर्यंत जुळतं.
छेद तेवढा हलतो.

शेवटची शिरगणती झाली तेव्हा
माझा वैजनाथ चौथीत होता.
आता तो हिंजवडीत सोळाव्या मजल्यावर राहतो,
रेशनकार्डावर अजून माझ्याकडेच.
त्याला धरू?

पुण्याहून सल्लागार आले होते.
त्यांच्याकडे तीन रीती : अंकगणिती, भूमितीय,
तिसरीचं नाव टिपलं होतं, ते पान सापडत नाही.
एका रीतीनं गाव पस्तीस हजारांचं होत होतं, एकीनं साठ.
टाकी साठाची बांधली.
'होईलच ना मॅडम, हायवे येतोय.'
हायवे आला.
त्याच्यावरून माणसं गेली.

दिवाळी झाली की खालच्या वस्तीत ओळीनं कुलपं.
टोळ्या कारखान्यावर.
सहा महिने नसलेल्या माणसाला
बारा महिन्यांचा आकार लावायचा का,
नियमात ओळ नाही. बीडला पत्र टाकलं,
'आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा' असं उत्तर आलं.
पाडव्याला तीच माणसं परततात
पोराबाळांसकट, शेळ्यांसकट,
नेमका धरणाचा तळ दिसायला लागल्यावर.
म्हणजे पाणी असतं तेव्हा माणूस नसतो
आणि माणूस असतो तेव्हा...
पण हे टिप्पणीत लिहिता येत नाही.

माळावरच्या ले-आउटात एकशेचाळीस प्लॉट,
चुन्याच्या रेघा, एक कमान, एक घर.
त्या एका घरासाठी अकराशे मीटर पाइप.

साठानं भागलं तर नळामागे अठराशे.
पस्तिसानं भागलं तर तीन हजार शहाऐंशी.
अध्यक्ष म्हणाले, अठराशे बरं दिसतं.
तोंडावर निवडणूक.
मी म्हटलं, साहेब, न आलेली पंचवीस हजार माणसं
पट्टी कुठल्या खिडकीवर भरणार?
'येतील की,' म्हणाले, आणि चहा मागवला.

नाही आली, तर
गेलेल्यांची पट्टी राहिलेल्यांनी भरायची.
शेवंताबाई फुटाण्यांनीसुद्धा.
घरात त्या आणि एक मांजर.
मागच्या वाढीला काउंटरवर येऊन म्हणाल्या होत्या,
'अगं, एवढं पाणी मी पिते का गाव पितंय?'
मी पावती फाडली. उत्तर अजून दिलेलं नाही.

काल रात्री दस्तगीरभाईंबरोबर फिरले.
हातात लांब चावी, गळ्यात मफलर,
अकराव्या दिवसाचं पाणी सोडत होते.
'या गल्लीला दिवाळीआधी बारा आटे लागायचे,
आता सात. वाण्याच्या बोळाला पाच.
ले-आउटला अर्धा, नाहीतर लाइन हवा धरते.'
कशावरून ठरवता?
'बायांच्या आवाजावरून.
भांडणं कमी झाली की एक आटा कमी.'

खांबाखाली उभं राहून मी बेरीज केली.
एकशे अठरा आटे.
भाई, एका आट्याला माणसं किती धरायची?
त्यांनी खड्ड्यात वाकून कान दिला,
कुठंतरी सांधा गळत होता.
'ते काय सांगावं, बाई,' म्हणाले,
'जी जागी असतील तेवढी.'

सकाळी टिप्पणी टाइप केली.
लोकसंख्या, अंदाजे : एक्केचाळीस हजार एक.
दर : दोन हजार सहाशे चौतीस.
दरावरून सभेत दीड तास गोंधळ झाला,
एकानं माइक उपटला.
वरचा तो एक कोण,
कुणीच विचारलं नाही.